पवित्र भूमीच्या सहलीला निघताना: आधी शास्त्र उघडा, मग बॅग भरा

प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

आम्ही येशूच्या देशात, म्हणजे इस्राएल-पॅलेस्टाइनला सहली नेतो. तिथून परतलेली मंडळी जालन्याच्या आमच्या ऑफिसात आठवणीने खजूर घेऊन येतात. चहा होतो, फोटो दाखवून होतात, आणि उठता उठता कुणीतरी हळूच विचारतं, "यार्देन नदी (जॉर्डन) एवढीच का हो?"

हो, एवढीच. पैठणला गोदावरी पाहिलेल्या माणसाला ती ओढ्यासारखी वाटते. बाप्तिस्म्याच्या एका जागी तर पलीकडच्या काठावरच्या माणसाशी न ओरडता बोलता येतं. गालील समुद्र म्हणतात तोही गोड्या पाण्याचा तलाव आहे, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. भरलेला नाथसागर त्याहून मोठा. पॅकेजात आम्ही काही कापलेलं नाही, पाणी मुळातच तेवढं आहे.

अरामाचा, म्हणजे जुन्या सीरियाचा, सेनापती नामान यानेही हीच तक्रार केली होती. कोड जाण्यासाठी यार्देनेत सात बुड्या मार म्हटल्यावर तो चिडला, आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत म्हणाला. चाकरांनी समजूत काढली तेव्हा कुठे पाण्यात उतरला. बायबलमध्ये पाहा, २ राजे, अध्याय ५. घरून हा अध्याय वाचून आलेल्यांना नदीची रुंदी मोजावीशी वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

सगळ्यांचा वेळ खाणारी चूक ती हीच, न वाचता येणं. एका ठिकाणी आपल्याला जेमतेम पाऊण तास मिळतो. त्यातला अर्धा तास गाईडने गोष्ट पहिल्यापासून सांगण्यात गेला, की उरलेल्यात फोटो उरकतात आणि प्रार्थना बसमध्ये. सुखारला (आजच्या नाब्लुसजवळ) याकोबाच्या विहिरीवरून निघताना एका ताईंनी विचारलं होतं, "आता पाहिली ती विहीर कुणाची?" त्यांचा दोष नाही. आम्हीच आधी सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्रक.

त्या विहिरीबद्दल थोडं जास्त लिहितो. आज ती चर्चच्या आत, तळघरात आहे. खोली चाळीस मीटरच्या आसपास, आणि अजून पाणी आहे. योहान ४ मध्ये प्रभू येशू दुपारच्या उन्हात तिथे बसून शोमरोनी बाईकडे पाणी मागतात. शोमरोनी म्हणजे शेजारचेच लोक, पण यहूदी त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. यहूदी माणसाने शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी मागावं, यात काय एवढं, हे परदेशी प्रवाशांना समजावून सांगावं लागतं. आपल्याला नाही. विहिरीवर कुणी चढायचं आणि कुणी खाली ओंजळ धरून उभं राहायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलेलं आहे. आमच्या एका गटातल्या आजींनी तिथलं पाणी प्यायल्यावर एवढंच म्हटलं, "मला लहानपणी पायरीवरही उभं राहू देत नव्हते." पाळकसाहेबांनी उपदेश लिहून आणला होता. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

गालील तलावाकाठच्या गिनोसारला ठेवलेली जुनी होडीही नीट पाहा. १९८६ साली दुष्काळाने तलाव खाली गेला तेव्हा दोघा मच्छीमार भावांना ती चिखलात दिसली. पहिल्या शतकाच्या सुमाराची, सव्वाआठ मीटर लांब. पाणी आटलं की जुनं वर येतं, हे धरणाकाठच्या माणसाला माहीत असतंच. पण ही येशूचा शिष्य पेत्र याचीच होडी असं कुणी ठासून सांगितलं तर मान डोलावू नका. तसा पुरावा नाही.

"दुसरे आठ दिवसांत तीस ठिकाणं दाखवतात, तुम्ही पंधराच का?" असंही विचारलं जातं. एकाच वाटेचं उदाहरण देतो. यरुशलेम समुद्रसपाटीहून सुमारे ७५० मीटर वर आणि यरीहो अडीचशे मीटर खाली, मधे अंतर पंचवीसेक किलोमीटर. कन्नडचा घाट उतरलात तरी एवढी उतरण नाही; बसमध्ये कानात दडे बसतात. त्या उजाड डोंगरात थांबून लूक १० मधली, याच वाटेवर लुटल्या गेलेल्या वाटसरूची गोष्ट वाचली, की लुटारूंना ही वाट का सोयीची होती ते दिसतं, आणि याजक बाजूने का निघून गेला तेही थोडं कळतं. त्याला अर्धा तास लागतो. तीस ठिकाणांच्या सहलीत हा अर्धा तास बसत नाही. दर थोडा जास्त दिसतो तो याच मुक्कामांमुळे.

बाकीचं थोडक्यात. पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. यार्देनेच्या पाण्याची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमान बदलताना तपासणीत काढून घेतात. झाकण घट्ट लावून मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळा. तिथली परिस्थिती पाहूनच आम्ही तारखा पक्क्या करतो. सुखारचा भाग ऐनवेळी गाळावा लागला तर कृपया रागावू नका.

निघण्याआधीचे सहा शनिवार संध्याकाळी ऑफिसात वाचनवर्ग असतो. वेगळे पैसे नाहीत. घरातलं जे माणूस यंदा येणार नाही त्यालाही बसायला हरकत नाही. अशांपैकी काहींनी पुढच्या वर्षीचं नाव तिथेच नोंदवलं आहे. चष्मा आणि मोठ्या अक्षरांचं शास्त्र मात्र आणा, आमच्याकडची ट्यूबलाइट जरा अंधुक आहे.