चिनी ट्रॅक्टर इतका स्वस्त कसा? यानचेंगच्या कारखान्यापासून कोकणातल्या भातखाचरापर्यंत

गावाबाहेर पाच-दहा एकर जमीन घेऊन राहणारा अमेरिकी माणूस १९९० च्या दशकात लहान ट्रॅक्टर शोधायला निघाला, की गाडी पैशांपाशी अडायची. जपानच्या कुबोटा कंपनीचा नवा ट्रॅक्टर उत्तम, पण महाग. फोर्डचा १९४७ ते १९५२ या काळात बनलेला ८एन स्वस्तात मिळे, पण तो पेट्रोलवर चालणारा आणि वयानं थकलेला. तिसरी वाट जपानी सेकंडहँड ट्रॅक्टरची. जपानच्या भातशेतीत वापरून झालेले कुबोटा आणि यानमार व्यापारी जहाजानं आणत आणि रंगरंगोटी करून विकत. यातल्या कुबोटांची वाट कायद्यानं अडवली. कंपनीनं अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. या ट्रॅक्टरांवरच्या धोक्याच्या सूचना जपानीत आहेत, यातली कित्येक मॉडेलं अमेरिकेत कधी विकलीच गेली नाहीत, त्यामुळे इथल्या विक्रेत्याकडे त्यांचे पार्ट नाहीत, असा युक्तिवाद होता. १९९७ मध्ये आयोगानं त्या मॉडेलांच्या आयातीला मनाई केली आणि १९९९ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयानं ती कायम ठेवली.

याच काळात चौथी वाट रुळत होती. चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या यानचेंग शहरात बनलेले जिनमा ट्रॅक्टर छोटे आयातदार कंटेनरमधून आणू लागले होते. नवा कोरा, डिझेलचा, चारही चाकांना ओढ असलेला, अवजार जोडायला तीन पॉइंटचं लिंकेज आणि इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ, असलेला पंचविसेक हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर जपानी ट्रॅक्टरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळत होता.

चिनी माल स्वस्त का, या प्रश्नाला ‘मजुरी कमी’ हे ठरलेलं उत्तर आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर चीनच्या शेतीच्या इतिहासात आहे, आणि चिनी ट्रॅक्टर घ्यायचा विचार करणाऱ्याला तेच अधिक उपयोगी पडतं.

चीनमधला पहिला मोठा ट्रॅक्टर कारखाना हेनान प्रांतातल्या लुओयांगचा. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या १५६ प्रकल्पांतला हा एक. १९५५ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि जुलै १९५८ मध्ये ‘तुंगफांगहुंग-५४’ हा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. सोव्हिएत डीटी-५४ च्या धर्तीवरचा, साखळीपट्ट्यांवर चालणारा, ५४ हॉर्सपॉवरचा. शेतीची सुटका यांत्रिकीकरणातच आहे असं माओनं १९५९ मध्ये म्हटलं आणि पुढे १९८० पर्यंत ते मूलतः पूर्ण करायचं उद्दिष्टही ठरलं. ट्रॅक्टरला तेव्हा किती मान होता हे एक युआनच्या नोटेवरून कळतं. १९६० साल छापलेल्या त्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारी तरुणी आहे. ईशान्येतल्या हेलुंगच्यांग प्रांतातली ल्यांग जुन, चीनची पहिली महिला ट्रॅक्टरचालक, ही त्या चित्रामागची प्रेरणा. २०२० च्या जानेवारीत ती वारली, तेव्हा चिनी वर्तमानपत्रांनी तिला मोठ्या आदरानं निरोप दिला.

पण ५४ हॉर्सपॉवरचं धूड हेलुंगच्यांगच्या सपाट, सरकारी शेतांत शोभलं. दक्षिणेकडच्या भातखाचरांत ते वळवायचं कुठे? तिथे हवा होता दोन चाकांचा, मागून चालत चालवायचा ट्रॅक्टर. आपण त्याला पॉवर टिलर म्हणतो. साठ-सत्तरच्या दशकांत प्रांतोप्रांती छोटे कारखाने निघाले आणि चांगचौचा ‘तुंगफंग-१२’ त्या सगळ्यांत नावाजला. त्याच्या नाकावर बसलेलं इंजिन म्हणजे एस१९५. या कुटुंबातल्या इंजिनांची नावं सरळ असतात: पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटर. म्हणजे एक सिलिंडर, ९५ मिलिमीटर बोअर, आणि ताकद १२ हॉर्सपॉवर.

हे इंजिन जवळून पाहण्यासारखं आहे. आडवं सिलिंडर, बाजूला जड फ्लायव्हील. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. डोक्यावर पाण्याची उघडी टाकी असते. इंजिन तापलं की पाणी उकळतं, वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. टाकीत लाल टोकाचा तरंगता दांडा असतो. तो खाली बसला की पाणी ओतायचं. बॅटरीशिवायही चालू होतं: सिलिंडरमधला दाब सोडून देणारा डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून धरायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. बिघडलं तर पाना, हातोडी आणि थोडी अक्कल असलेला कोणीही ते झाडाखाली उघडून बसू शकतो. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं हे मागासलेलं म्हणणाऱ्यांनी ते कुणासाठी बनलं हे लक्षात घ्यायला हवं.

आणि ते एकाच कारखान्याचं नव्हतं, ही खरी गोष्ट. एकच आराखडा देशभरातल्या अनेक सरकारी कारखान्यांनी बनवला. एका प्रांतातला पिस्टन दुसऱ्या प्रांतातल्या इंजिनात बसायचा. पेटंटची रॉयल्टी नाही, दर चार वर्षांनी नवं मॉडेल काढायची घाई नाही, साचे वर्षानुवर्षं तेच. यंत्र स्वस्त व्हायला यापेक्षा काय लागतं?

मग १९७८ आलं. आनह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावातल्या १८ कुटुंबांनी सामुदायिक जमीन गुपचूप आपापसांत कसायला वाटून घेतली. पुढच्या पाच-सहा वर्षांत सामुदायिक शेतीची कम्यून मोडून देशभर घराघराला जमीन कसायला मिळाली. जमिनीचे तुकडे झाले आणि मोठ्या ट्रॅक्टरला कामच उरलं नाही. उलट शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर लहान ट्रॅक्टर घेण्याची मुभा मिळाली. त्यानं तो घेतला तो नांगरटीसाठी जितका, तितकाच मागे ट्रॉली जोडून विटा, वाळू, भाजीपाला वाहण्यासाठी. १९७८ मध्ये चीनमध्ये लहान ट्रॅक्टर चौदा लाखांच्या आत होते. २००० मध्ये ते सव्वा कोटींच्या वर गेले. जगात इतक्या लहान यंत्रांची एवढी मोठी बाजारपेठ दुसरीकडे कुठे उभी राहिल्याचं मला माहीत नाही.

यानचेंगसारख्या कारखान्यांचे चारचाकी लहान ट्रॅक्टर याच लाटेवर वाढले. जिनमा २५४ म्हणजे २५ हॉर्सपॉवर, आणि शेवटचा ४ म्हणजे चारही चाकांना ओढ. तोच ० असला तर फक्त मागच्या दोन. इंजिन यानचेंगचं असेलच असं नाही. यांगतुंगचं तीन सिलिंडरचं वाय३८५ असू शकतं किंवा जिआंगतुंगचं दोन सिलिंडरचं टीवाय२९५. ट्रॅक्टरचं नाव एक, इंजिन दुसऱ्याचं, पंप तिसऱ्याचा. परदेशात गेल्यावर त्यावर आयातदाराचा रंग आणि चौथं नाव. म्हणून जाणता मालक बॉनेटवरचं नाव पाहत नाही, इंजिनवरची पाटी वाचतो. पार्ट त्या पाटीवरून मागवायचे असतात.

परदेशात या यंत्रांनी सर्वांत मोठी उलथापालथ केली ती बांगलादेशात. तिथे आधी मदतनिधीतून जपानी पॉवर टिलर येत. मजबूत पण महाग, आणि कोणती यंत्रं आणायची यावर सरकारी प्रमाणीकरणाची वेसण. १९८८ च्या पुरात देशाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली गेला, गुरं मेली, नांगराला बैल उरले नाहीत. सरकारनं लहान इंजिनं आणि पॉवर टिलरच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले, शुल्क उतरवलं, आणि व्यापाऱ्यांनी चिनी माल आणला. तज्ज्ञांचं म्हणणं होतं की हा माल टिकणार नाही. जपानीइतका तो टिकलाही नाही, पण दुरुस्त होत राहिला. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात पार्टचं दुकान आणि एक मिस्त्री तयार झाला. ज्याच्याकडे टिलर तो गावभर भाड्यानं नांगरट करून देऊ लागला, त्यामुळे अर्धा एकरवाल्यालाही यंत्र परवडलं. तेच इंजिन टिलरवरून उतरून पाण्याच्या पंपावर गेलं, होडीत बसलं. आज तिथली बहुतेक नांगरट यंत्रानं होते. सरकारी शिफारशींनी झालं नसतं ते इथे स्वस्त यंत्र आणि हाताशी असलेले पार्ट यांनी झालं, असं मी ठामपणे म्हणेन.

अमेरिकेत नेमकं हेच नव्हतं. तिथे ट्रॅक्टर लोखंडी सांगाड्याच्या क्रेटमध्ये, चाकं काढलेल्या अवस्थेत यायचा. चाकं बसवणं, तेल-पाणी भरणं, बोल्ट आवळणं हे विक्रेत्यानं करायचं. चांगला विक्रेता सगळं तेल काढून नवं भरायचा, सिलिंडर हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळायचा, होस पाइप आणि बॅटरी बदलायचा. ज्याला फक्त क्रेट विकायचा होता तो हे काम गिऱ्हाइकावर सोडायचा. कास्टिंगमध्ये राहिलेली वाळू, मऊ धातूचे बोल्ट, न उमगणारं माहितीपुस्तक या तक्रारी जुन्या मालकांकडून हमखास ऐकू येतात. त्याच मालकांकडून हेही ऐकू येतं की पहिल्या पन्नास तासांत हे सगळं निस्तरलं की गिअरबॉक्स आणि इंजिन वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आयातदार दुकान गुंडाळून गेला, की मात्र ट्रॅक्टर कितीही धडधाकट असो, मालक एकटा पडायचा.

धुराचे नियम ही दुसरी अडचण. अमेरिकेत लहान डिझेल इंजिनांना प्रदूषणाची मर्यादा १९९९-२००० पासून लागू झाली आणि पुढे टप्प्याटप्प्यानं कडक झाली. इंजिनवर प्रमाणपत्राची चिकटपट्टी नसलेला ट्रॅक्टर बंदरातच अडकू शकतो. २५ ते ७५ हॉर्सपॉवरच्या गटाला २०१३ पासून काजळीची मर्यादा इतकी कमी झाली की बहुतेकांना फिल्टर बसवणं भाग पडलं. २५ च्या खालचे सुटले. म्हणून आज तिथल्या बाजारात २४ हॉर्सपॉवरच्या आगेमागे लहान ट्रॅक्टरांची गर्दी दिसते. स्वस्ताईसाठी घेतलेल्या जुन्या आराखड्याच्या इंजिनाला ही शर्यत परवडण्यासारखी नव्हती.

या गोष्टीत मुंबईही आहे. कांदिवलीत ट्रॅक्टर बनवणाऱ्या महिंद्रानं १९९४ मध्ये अमेरिकेत विक्री सुरू केली. २००५ मध्ये कंपनीनं नानचांगच्या जिआंगलिंग ट्रॅक्टर कंपनीत ८० टक्के हिस्सा घेतला, आणि काही वर्षांतच चीनच्या युएदा समूहाबरोबर यानचेंगच्या कारखान्यात ५१ टक्के. म्हणजे अमेरिकेत ज्या जिनमाशी स्पर्धा, त्याच जिनमाच्या कारखान्याची मालकी मराठी शेतकऱ्याच्या ओळखीच्या कंपनीकडे आली. एकट्या महिंद्रालाच ही ओढ नव्हती; जॉन डिअरनं २००७ मध्ये निंगबोची बेन्ये ट्रॅक्टर कंपनी घेतली. सगळ्यांना हवा होता लहान, स्वस्त ट्रॅक्टर आणि चीनचा बाजार. पण बाजारानं दिशा बदलली होती. २००४ मध्ये चीननं यांत्रिकीकरणाचा कायदा केला आणि यंत्रखरेदीला अनुदान सुरू केलं. तरुण माणसं शहरांत गेली, जमिनी भाड्यानं एकत्र कसल्या जाऊ लागल्या, आणि मागणी मोठ्या ट्रॅक्टरांकडे सरकली. २०१७ च्या अखेरीस महिंद्रानं यानचेंगमधला हिस्सा भागीदारालाच विकायचं ठरवलं.

भारतात चिनी चारचाकी ट्रॅक्टर फारसा आलाच नाही, कारण इथे ट्रॅक्टर बनवणाऱ्यांची कमी नाही. आला तो पॉवर टिलर. व्हीएसटीचा मित्सुबिशीच्या मदतीनं बनलेला आणि केरळच्या कॅम्कोचा कुबोटाच्या मदतीनं बनलेला टिलर आधीपासून होता; चिनी टिलर त्यांच्या शेजारी स्वस्तात उभा राहिला. कोकणात केजव्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाकं, लावून चिखलणी करायला चारचाकी ट्रॅक्टर खाचरात उतरत नाही, त्यामुळे टिलरला तिथे पर्याय कमी. अनुदान हवं असेल तर यंत्र सरकारमान्य केंद्रात तपासून घ्यावं लागतं. पण तपासणीत यंत्र पास होणं आणि ऐन आषाढात त्याचा पार्ट तालुक्याला मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जुलै २०२० मध्ये, गलवानच्या चकमकीनंतर महिनाभरात, केंद्र सरकारनं पॉवर टिलर आणि त्याचे मुख्य भाग मुक्त आयातीच्या यादीतून काढून परवान्याखाली आणले. आदल्या वर्षीच्या आयातीच्या १० टक्के मूल्यापर्यंतच परवाना, अशी मर्यादा घातली. चर्चा झाली ती चीनविरोधाची. मला त्या आदेशातली दुसरी अट अधिक महत्त्वाची वाटते: आयातदार या धंद्यात किमान तीन वर्षं असला पाहिजे, आणि त्याच्याकडे प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा आणि सुटे भाग पुरवण्याची सिद्ध झालेली यंत्रणा असली पाहिजे.