एव्काफ-इ इस्लामिये संग्रहालय, इस्तंबूल

इस्लामी वक्फांच्या मालकीच्या कलावस्तू राखण्यासाठी ऑटोमन (उस्मानी) सरकारने १९१४ मध्ये इस्तंबूलला उघडलेले संग्रहालय. साम्राज्याच्या हयातीत उघडलेले हे शेवटचे. आज ते ‘तुर्की व इस्लामी कलासंग्रहालय’ या नावाने ओळखले जाते आणि सुलतानअहमद मशिदीसमोरच्या इब्राहिम पाशाच्या वाड्यात आहे. ‘एव्काफ’ हे वक्फ या अरबी शब्दाचे अनेकवचन. आपल्याकडे तेच ‘औकाफ’ असे लिहितात. मूळ नावातून हा शब्द गेला, आणि तो का गेला यातच या संस्थेचा बराचसा इतिहास आहे.

वक्फ या शब्दाचा मूळ अर्थ थांबवणे, अडवून धरणे. जमीन, दुकान, हमामखाना, गिरणी अशी मिळकत खरेदी-विक्री आणि वारसा यांच्या फेऱ्यातून कायमची बाहेर काढायची आणि तिचे उत्पन्न ठरवून दिलेल्या पुण्यकार्यावर खर्चायचे, ही ती पद्धत. परंपरेत हिचा दाखला खैबरच्या जमिनीचा दिला जातो. ती मिळाल्यावर पैगंबरांचे सहकारी उमर यांनी तिचे काय करावे असे त्यांना विचारले, तेव्हा मूळ तसेच ठेवून फळ वाटून टाकण्याचा सल्ला उमर यांना मिळाला. देणारा तो वाकिफ, कारभार पाहणारा मुतवल्ली, आणि दस्त म्हणजे वक्फनामा (तुर्कीत ‘वक्फिये’). हे दस्त मोठे वाचनीय असतात. इमामाला रोज किती नाणी, स्वयंपाक्याला किती, दिव्याला तेल किती, सगळे त्यात लिहिलेले असते. शेवटी वक्फ मोडणाऱ्याला अल्लाह, फरिश्ते आणि समस्त माणसांचा शाप. मराठी वाचकाला येथे शिलाहारकाळातले गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड, आठवतील. वर चंद्रसूर्य, खाली गाढवाची ती शिवी. दान ‘आचंद्रार्क’ टिकावे म्हणून केलेला बंदोबस्त दोन्हीकडे सारखाच.

वक्फ केवळ जमिनीचा होत नाही. मशिदीला दिलेले कुराण, रहल (ग्रंथ ठेवायची घडवंची), शमादान (मेणबत्तीचे घर), कंदील, गालिचा हेही वक्फच. कुराणाच्या पानावर ही प्रत अमक्या मशिदीसाठी वक्फ केली आहे, ती विकू नये, तेथून हलवू नये अशी नोंद पुष्कळदा सापडते. म्हणजे वस्तू आणि जागा यांची गाठ कायद्यानेच मारलेली. वक्फवस्तूंचे संग्रहालय म्हणजे ही गाठ सोडणे, आणि तेही तिच्या रक्षणासाठी! संग्रहालयाच्या जन्मापासून ही विसंगती त्याच्यासोबत आहे.

तसे करण्याची पाळी चोरीमुळे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात इस्लामी कलेचे वेड वाढले. पॅरिस-लंडनच्या बाजारात इझनिक या तुर्की गावच्या भिंतीवरच्या रंगीत फरशा, जुने गालिचे, हस्तलिखितांची सुटी पाने यांना भाव येऊ लागला. आडगावच्या मशिदी आणि कबरींवर पहारा कुठला? राजधानीतही फार वेगळे नव्हते. आया सोफियाच्या आवारात सुलतान दुसऱ्या सेलिमची कबर आहे. तिच्या दाराशेजारच्या इझनिक फरशांचा एक अख्खा पट दुरुस्तीच्या नावाखाली सोर्लें-दोरिन्यी या फ्रेंच गृहस्थाने काढून नेला आणि जागी नक्कल बसवली. अस्सल पट आज लूव्र संग्रहालयात आहे. दारापाशी उभे राहून डावी-उजवी बाजू ताडून पाहिली, तर नकलेचा फिका रंग साध्या डोळ्यांनाही कळतो.

पुरातन वस्तूंचा १८८४ चा कायदा होता, पण त्याचा रोख मुख्यतः ग्रीक-रोमन अवशेषांवर. इस्लामी कलावस्तूंना स्पष्ट संरक्षण १९०६ च्या कायद्याने मिळाले. वक्फांचा कारभार १८२६ पासून एका स्वतंत्र खात्याकडे होता, आणि संग्रहालयाची जबाबदारी याच खात्याने उचलली. वक्फमंत्री उर्गुप्लू हैरी एफेंदी यांचा पुढाकार त्यात महत्त्वाचा ठरला. साम्राज्यभरच्या मशिदी, कबरी आणि दर्ग्यांतून निवडक वस्तू इस्तंबूलला आणल्या गेल्या. २७ एप्रिल १९१४ रोजी संग्रहालय उघडले आणि सुमारे सहा महिन्यांनी साम्राज्य पहिल्या महायुद्धात उतरले.

जागाही वक्फाचीच निवडली होती: सुलेमानिये मशिदीच्या संकुलातले इमारेत, म्हणजे अन्नछत्र. वास्तुकार सिनान याने १५५० ते १५५७ या काळात उभारलेल्या या संकुलात मदरसे, रुग्णालय, हमामखाना असे बरेच काही होते. इमारेतमध्ये विद्यार्थी, नोकरवर्ग, वाटसरू आणि गोरगरीब यांना सूप-रोटी मिळे. ऑटोमन इमारेतांत शुक्रवारच्या आदल्या रात्री आणि सणावारी भात आणि ‘झेर्दे’ हा केशर घातलेला गोड भात वाढण्याची रीत होती. आपल्या केशरीभाताचा हा लांबचा भाऊच म्हणायचा. ज्या खोल्यांत शेकडो वर्षे पंगती उठल्या, तेथे आता गालिचे आणि कुराणे मांडली गेली.

संग्रहात सर्वांत नावाजलेले गालिचे. त्यांची संख्या सतराशेच्या घरात जाते. जुने गालिचे टिकले ते मशिदीच्या एका साध्या सवयीमुळे. भाविक नवा गालिचा अर्पण करत, तो जुन्यावरच अंथरला जाई, आणि खालचे थर पायांपासून व उन्हापासून बचावत. कोन्या शहराच्या अलाउद्दीन मशिदीत १९०५ च्या सुमारास असे तेराव्या शतकातले, सेल्जुक या तुर्की राजघराण्याच्या काळचे गालिचे सापडले: काही जवळजवळ पूर्ण, काहींचे तुकडे, मिळून आठ. काठावर कुफी या जुन्या अरबी लिपीची आठवण करून देणारी जाड, कोनदार नक्षी, मध्ये लहान आकृत्यांच्या ओळी आणि लाल-निळ्या रंगांच्या दोन-दोन छटा. गालिचांच्या इतिहासातले हे फार जुने पान आणि संग्रहालयाचे खरे भूषण. नंतरच्या काळातले ‘होल्बाइन’ आणि ‘लोत्तो’ गालिचेही येथे आहेत. ही नावे युरोपीय चित्रकारांची. त्यांच्या चित्रांत असे गालिचे दिसतात म्हणून अभ्यासकांनी ती दिली. विणणाऱ्या बायकांची नावे मात्र कुणी टिपली नाहीत.

दुसरा ठेवा ‘दमास्कसचे कागद’ म्हणून ओळखला जातो. दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या अंगणात खांबांवर उभारलेली एक घुमटी आहे. देवाचे नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून जीर्ण झालेली पाने पिढ्यान्‌पिढ्या तेथे टाकली जात. १८९३ मध्ये मशिदीला आग लागली. त्यानंतर हा साठा इस्तंबूलला आणला गेला आणि पुढे या संग्रहालयाकडे आला. पानांची संख्या दोन लाखांच्या वर भरते. इस्लामच्या पहिल्या शतकांतली चर्मपत्रावरची कुराणाची पाने, हिशेब, खरेदीखते, मक्का-मदिनेच्या चित्रांसह लिहिलेली हज यात्रेची प्रमाणपत्रे असे काय काय त्यात आहे. कुणी तरी ‘रद्दी’ म्हणून जपलेली ही पाने कुराणाच्या लेखनेतिहासाचे मोठे साधन ठरली.

तुर्कस्तानात प्रजासत्ताक आल्यावर चित्र पालटले. ३ मार्च १९२४ रोजी वक्फ खात्याचे मंत्रालय बरखास्त होऊन त्याजागी वक्फ महासंचालनालय आले. १९२५ च्या कायद्याने सूफी मठ आणि कबरींची दारे बंद झाली आणि तेथल्या कित्येक वस्तू संग्रहालयांकडे वळल्या. हे संग्रहालय शिक्षण खात्याखाली गेले आणि नावात ‘एव्काफ’च्या जागी ‘तुर्की व इस्लामी’ आले. वस्तू त्याच होत्या, पण गालिचाची ओळख आता अमक्याने अमक्या मशिदीला दिलेला अशी राहिली नाही. तो अमक्या शतकाचा, अमक्या शैलीचा झाला. कलेच्या अभ्यासाला याने फायदा झाला, हे खरे. दात्याचे नाव मात्र पाटीवरून खाली सरकत गेले. राष्ट्राला वारसा हवा होता, वाकिफ नको होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१९८३ मध्ये संग्रहालय सध्याच्या वाड्यात आले. सुलतान सुलेमानचा जिवलग आणि वजीर-इ-आझम (मुख्य वजीर) इब्राहिम पाशा याचा हा वाडा. १५३६ मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाशाचा गळा आवळला गेला. वाडा जुन्या घोडदौडीच्या मैदानाला लागून आहे, आणि १५८२ मध्ये शहजादा मेहमेदच्या सुंतेचा पन्नासहून अधिक दिवसांचा सोहळा त्याचा बाप सुलतान तिसरा मुराद याने येथूनच पाहिला. स्थलांतराच्या वेळी नाझान ओल्चेर या संचालक होत्या. दगडी भिंतींच्या उंच दालनांत लांबलचक गालिचे छतापासून जमिनीपर्यंत लोंबू शकतात, ही सोय इमारेतमध्ये नव्हती. शताब्दीसाठी दुरुस्ती करून २०१४ च्या अखेरीस ते पुन्हा खुले झाले.

दरम्यान वक्फ महासंचालनालयाने स्वतःची संग्रहालये काढली. सुलतानअहमद मशिदीच्या सुलतानी कक्षात १९७९ मध्ये गालिचासंग्रहालय उघडले. २०१३ मध्ये ते आया सोफियाच्या अन्नछत्रात हलले, म्हणजे गालिचे पुन्हा स्वयंपाकघरात! बेयाझित मदरशात सुलेखनाचे संग्रहालय मांडले, आणि अंकाराला १९२७-२८ मध्ये बांधलेल्या एका इमारतीत २००७ पासून वक्फवस्तूंचे संग्रहालय आहे. महाराष्ट्रात असे संग्रहालय नाही, पण छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्याला वक्फाची रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही पाण्यावरची गिरणी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण दळत असे. राज्य वक्फ मंडळाचे कार्यालयही त्याच आवारात आहे.

चोऱ्या १९१४ नंतरही थांबल्या नाहीत. आग्नेय तुर्कस्तानातल्या जिझ्रे गावच्या मोठ्या मशिदीला तेराव्या शतकाच्या आरंभीचे दुपाखी दार होते: लाकडावर धातूचे पत्रे आणि प्रत्येक फळीवर एक कांस्याची कडी. कडीत पाठमोरे वळलेले दोन पंखवाले ड्रॅगन, शेपट्यांच्या टोकांना गरुडाची डोकी, मधोमध सिंहाचे मुंडके. याच गावचा म्हणून ओळखला जाणारा यंत्रशिल्पी अल-जझरी याने अशाच दाराचे आणि कडीचे वर्णन करून ठेवले आहे. १९६९ मध्ये एक कडी चोरीला गेली. ती आज कोपनहेगनच्या डेव्हिड संग्रहात आहे. उरलेल्या कडीसह दार इस्तंबूलला आणले गेले, आणि ते आता इब्राहिम पाशाच्या वाड्यात उभे आहे.