कंत्राटदार सुरक्षा समन्वय

कंत्राटदार सुरक्षा समन्वय : एकाच जागेवर अनेक ठेकेदारांची माणसे एकाच वेळी राबत असताना एकाच्या कामाने दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये, म्हणून कामांची आखणी, परवानगी आणि देखरेख यांची घातलेली सांगड. बांधकामे, रिफायनऱ्या, रासायनिक कारखाने, वीजकेंद्रे, बंदरे अशा ठिकाणी ती लागते. प्रत्येक ठेकेदाराने आपापल्या माणसांना हेल्मेट, बूट, पट्टे देणे म्हणजे समन्वय नव्हे. वर वेल्डर चष्मा-हातमोजे घालून नियमाने काम करत असतो, दोन मजले खाली रंगारी मास्क लावून नियमानेच थिनर ढवळत असतो, आणि ठिणगी खाली पडते. दोघांचीही कागदपत्रे चोख असतात. वर आणि खाली एकाच वेळी काय चालले आहे, हे पाहणे मात्र कोणाच्याच करारात लिहिलेले नसते.

या विषयाची सगळी अडचण या उदाहरणात आहे. करार वरून खाली उतरतात : मालक कंपनी, मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, त्याचा लेबर पुरवणारा, शेवटी मुकादम. जबाबदारीही त्याच शिडीने उतरते. धोका मात्र आडवा जातो, एका ठेकेदाराकडून शेजारच्या ठेकेदाराकडे, आणि त्या दोघांत कसलाही करार नसतो.

महाराष्ट्रात याचे सर्वांत दाट रूप दिसते ते शटडाउनच्या दिवसांत. तळोजा, पातळगंगा, तारापूर, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींतला एखादा रासायनिक कारखाना देखभालीसाठी ठरावीक दिवस बंद ठेवला जातो. एरवी जिथे बाहेरची मोजकी माणसे असतात, तिथे गेटपासच्या खिडकीवर भल्या सकाळी रांग लागते. परांची बांधणारे, लॅगिंग (पाइपांवरचे उष्णतारोधक वेष्टण) काढणारे, टाकी साफ करणारे, फिटर, वेल्डर, रंगारी, हायड्रावाले (छोटी क्रेन चालवणारे), प्रत्येकाचा ठेकेदार निराळा. जागा तीच आणि दिवस मोजलेले. उत्पादन बंद असल्याचा प्रत्येक दिवस मालकाला महाग पडतो, त्यामुळे एकामागून एक करायची कामे एकावर एक येऊन पडतात.

यावरचे मुख्य हत्यार म्हणजे परमिट, म्हणजे कामाचा लेखी परवाना. आगीचे काम, बंदिस्त जागेतले काम, उंचीवरचे काम, खोदकाम, विजेचे काम यांसाठी वेगवेगळी परमिटे असतात. ज्याच्या ताब्यात तो विभाग आहे तो अधिकारी परमिट देतो आणि ठेकेदाराचा सुपरवायझर ते घेतो. देणाऱ्याने पाइपलाइन रिकामी केली, ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकले, हवा तपासली याची सही करायची. घेणाऱ्याने आपल्या माणसांना ते समजावून दिल्याची. बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन साधारणपणे १९.५ टक्क्यांच्या खाली नाही ना, ज्वलनशील किंवा विषारी वायू नाही ना, हे मीटरने बघतात. ही कल्पना नवी नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा जागेत शिरण्याआधी जाणकार व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र मागितले होते. तेल कंपन्यांसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे १०५ क्रमांकाचे मानक परमिट पद्धतीवरच आहे.

परमिट हे एका कामाचे असते, समन्वय सगळ्या परमिटांचा. म्हणून सकाळच्या बैठकीत त्या दिवसाची सगळी कामे नकाशावर किंवा तक्त्यावर मांडतात आणि कोणती दोन कामे एकत्र नांदू शकत नाहीत ते बघतात. सॉल्व्हंटचा टँकर रिकामा होत असेल तर शेजारी ग्राइंडर चालायचा नाही. क्रेनने उचललेल्या भाराखाली लॅगिंगवाले बसायचे नाहीत. बैठक नावापुरती झाली की परमिटांचा गठ्ठा कितीही जाड असला तरी उपयोग होत नाही. सही करणाऱ्याने जागेवर जाऊन पाहिले की टेबलावरच सही ठोकली, हे कागदावरून कळत नाही.

रेडिओग्राफी हे यातले बोलके उदाहरण. वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ सारखा किरणोत्सारी स्रोत वापरतात. आवार रिकामे हवे म्हणून हे काम सहसा रात्री करतात. भोवती दोर बांधतात, दिवे लावतात, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षित माणूस हजर ठेवतात. रेडिओग्राफीचा ठेकेदार आपल्याकडून सगळे करतो. पण भिंतीपलीकडे रंगाऱ्यांना ‘आज रात्रपाळी करून उरकून टाका’ असे कोणी परस्पर सांगितले असेल, तर त्याला ते कळायचे कसे? किरण दिसत नाहीत, वासही येत नाही.

यंत्रे बंद ठेवण्यासाठीची कुलपे हाही समन्वयाचाच भाग आहे. पंपाचा वीजपुरवठा तोडून त्याला कुलूप लावतात आणि ती चावी एका पेटीत ठेवतात. त्या पेटीला प्रत्येक ठेकेदाराचा माणूस स्वतःचे कुलूप घालतो. शेवटचे कुलूप निघेपर्यंत पेटी उघडत नाही, म्हणजे पंपही सुरू होत नाही. कोणी कोणाला सांगितले की नाही, यावर भिस्त न ठेवणारी ही युक्ती साधी आहे आणि म्हणूनच कागदापेक्षा खात्रीची.

कागद अपुरा पडला की काय होते, याचा जगभर दिला जाणारा दाखला म्हणजे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा हा तेल-वायू मंच. ६ जुलै १९८८ रोजी तिथल्या दोन पंपांपैकी एकाचा सुरक्षा झडप-संच दुरुस्तीसाठी काढला होता. हे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे होते. संध्याकाळपर्यंत ते पुरे झाले नाही आणि उघड्या तोंडावर तात्पुरती झाकण-चकती बसवली गेली. रात्री दुसरा पंप बंद पडला. पाळीवरच्या माणसांना पहिल्या पंपाच्या देखभालीचे परमिट ठाऊक होते, झडपेचे नव्हते. दोन कागद एकमेकांशी जोडलेले नव्हते. पंप चालू केला, वायू सुटला, आणि स्फोट व आगीत १६७ माणसे मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. परमिट पद्धत आणि पाळी बदलतानाची माहितीची देवघेव हे त्यांतले कळीचे मुद्दे होते.

कायद्याने ही आडवी जबाबदारी मान्य करायला वेळ घेतला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारनाम्यातील कलम १७ सांगते, की एकाच कार्यस्थळी दोन किंवा अधिक आस्थापने एकाच वेळी काम करत असतील तर त्यांनी सुरक्षेसाठी परस्परांशी सहकार्य करावे. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये बांधकामांसाठी स्वतंत्र निर्देश काढून, एकाहून अधिक कंत्राटदार असतील तिथे समन्वयक नेमणे बंधनकारक केले, तेही आराखड्याच्या टप्प्यापासून. ब्रिटनमधील नियमांत या माणसाचे पद १९९४ मध्ये आले आणि २००७ व २०१५ असे दोनदा बदलले. पद कोणाला द्यायचे, यावर तिथेही एकमत सहज झालेले दिसत नाही. न्यूझीलंडच्या २०१५ च्या कायद्याने एकाच बाबीत जबाबदारी असलेल्या सर्वांना आपसात सल्लामसलत करणे भाग पाडले.

भारतीय कायद्याचा भर मुख्य मालकावर राहिला. कारखाने अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत १९७६ पासून कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही येत होता, मग मुख्य मालकाला तो ठाऊक असो वा नसो. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आले आणि भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्यावर, सर्व कामगारांच्या सुरक्षेचे सर्वसाधारण कर्तव्य टाकले गेले. अपघाताची भरपाई ठेकेदाराच्या माणसाला मुख्य मालकाकडून मागता येते आणि मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, हे तत्त्व १९२३ पासूनचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने कारखाने अधिनियमासह १३ केंद्रीय कायदे एकत्र केले आणि कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यातील २० माणसांवरून ५० केली. चाळीस-चाळीस माणसांचे दहा ठेकेदार एका आवारात असतील तर माणसे चारशे होतात, पण ठेकेदारीच्या सरकारी परवान्याच्या कक्षेत त्यांतला एकही ठेकेदार येत नाही.

शिडी जितकी लांब तितका निरोप विरळ होत जातो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर लाँचर (पुलाच्या तुळया उचलून बसवणारे यंत्र) कोसळून २० जण ठार झाले. त्यांत अभियंते होते, तसे उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमधून आलेले कामगारही होते. सुरुवातीचा गुन्हा पोटकंत्राटदारांवर नोंदला गेला.

भाषेचा प्रश्न याहून रोजचा आहे. परमिट इंग्रजीत, ते देणारा अधिकारी मराठी, घेणारा सुपरवायझर हिंदीत बोलणारा आणि प्रत्यक्ष टाकीत उतरणारा माणूस बंगाली किंवा उडिया. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, माना डोलतात. पण काय कळले, हे उलट विचारून घेणारे सुपरवायझर थोडे. निविदेचे अर्थकारण त्यात भर घालते. सर्वांत कमी दराला काम दिले की ठेकेदार जी रक्कम सहज कापू शकतो ती सुरक्षेची असते. काही कंपन्या म्हणून सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळ्या बाबीत, स्पर्धेबाहेर ठेवतात. गेटवरच्या ‘अपघाताविना दिवस’ फलकाकडे मात्र जरा सावधपणेच बघावे : ठेकेदाराच्या माणसाची जखम त्यात मोजली जाते का, हे फलकावर लिहिलेले नसते.

शटडाउन संपताना समन्वयाचा शेवटचा भाग येतो. सगळी परमिटे परत घेऊन बंद करतात, कुलपांची पेटी रिकामी होते आणि लाइनमध्ये टाकलेल्या प्रत्येक ब्लाइंडचा क्रमांक यादीशी ताडून बघतात. यादीत ४७ आणि काढलेली ४६ निघाली, तर ती एक सापडेपर्यंत प्लांट सुरू करत नाहीत.