सॅक्सोफोनमधून एका वेळी एकच सूर निघतो?

‘सॅक्सोफोन एका वेळी एकच सूर देतो, दोन-तीन एकदम ऐकू आले तर वाजवणारा चुकला, नाहीतर स्पीकरची करामत,’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो खरा नाही. रशियन संगीतकार एदिसन देनिसोव्ह यांनी १९७० मध्ये ऑल्टो सॅक्सोफोन आणि पियानोसाठी लिहिलेल्या सोनाटात (वाद्यांसाठीच्या एका रचनेत) असे एकत्र सूर, म्हणजे मल्टिफोनिक, चक्क स्वरलिपीत मांडलेले आहेत.

होतं असं: खालच्या कळा दाबून ठेवायच्या आणि वरचं एखादंच भोक उघडं सोडायचं. मग नळीतल्या हवेला एक ठरावीक लांबी उरत नाही. दोन कंपनांत ओढाताण सुरू होते आणि रीड, म्हणजे तोंडाशी असलेली पातळ पट्टी, दोन्ही सांभाळत थरथरते. ओठांची पकड जराशी बदलली की सगळं विस्कटतं. चुकून निघालेली किंचाळी हवी तेव्हा, हुबेहूब तशीच काढून दाखवा, मग बोलू!

पियानोही वाटतो तितका गप्प नसतो. झाकण उघडून, उजवं पेडल दाबून ठेवून सॅक्सोफोन तारांच्या रोखाने वाजवला, तर एकही पट्टी न दाबता पियानो गुणगुणू लागतो. पेडलमुळे डॅम्पर, म्हणजे तारांना गप्प ठेवणाऱ्या गाद्या, उचललेले असतात, त्यामुळे जुळणाऱ्या तारा आपोआप झंकारतात. सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडताच झंकारणाऱ्या तारा, ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटू नये.