पडदा गुलाबी, आवाज खणखणीत

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या जत्रेत किंवा म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेलेल्या जुन्या माणसांना तंबूतल्या सिनेमाबद्दल विचारा. रंगीत चित्राची जुनी प्रिंट लागली की आभाळ गुलाबी, झाडं विटकरी, नायिकेची हिरवी साडी मातकट. गाणी मात्र पार पाळण्यापर्यंत ऐकू जायची. शिव्या पडायच्या ऑपरेटरला. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नसे.

टेक्निकलर ही रंगीत सिनेमाची आधीची पद्धत म्हणजे जवळजवळ छपाईच. तीन रंग एकेक करून फिल्मवर उमटवायचे. खर्चिक, पण रंग पक्का. १९५० मध्ये कोडॅकने ईस्टमनकलर आणलं. एकाच फिल्मवर तीन थर, आणि रंग धुलाईतच तयार. सुटसुटीत काम, म्हणून सगळे तिकडे वळले. हे रंग मात्र कच्चे निघाले. त्यातला निळसर-हिरवा, म्हणजे सायन, उजेड न लागताही डब्यात पडल्यापडल्या उडतो. उष्म्याने आणि दमट हवेने आणखी लवकर. सायनचं काम लाल उजेड अडवायचं. राखणदारच गेल्यावर पडदा लाल होणार नाही तर काय! माणदेशातला उन्हाळा आणि पत्र्याच्या खोलीत रचलेले रिळांचे डबे, एवढं त्याला पुरे.

आवाजाची गोष्ट वेगळी. चित्रालगत रिळाच्या कडेला जी नागमोडी पट्टी असते, तोच आवाज. एक्सायटर दिव्याचा बारीक झोत तिच्यातून फोटोसेलवर, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या नळीवर, पडतो आणि उजेडाच्या कमी-जास्तीचा आवाज होतो. पण जुना फोटोसेल डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनाच जास्त दाद देई, आणि रंग त्या किरणांना अडवतच नाहीत. नुसत्या रंगाची पट्टी त्याला दिसलीच नसती. फिल्मच्या धुलाईत रंगासोबत चांदीही उमटते, आणि ती अवरक्त किरणही अडवते. म्हणून लॅबमध्ये चित्रातली चांदी काढून टाकत, पण पट्टीवर वेगळं रसायन लावून तिथली चांदी राखत. चांदी रंगासारखी उडत नाही. तिचा वैरी ओरखडा. तंबूत खरखर यायची ती त्याचीच.

रीळ तुटून जोडलं की आधी चित्र उडी मारी आणि मग, सेकंदाच्या आत, शब्द गिळला जाई. कारण ३५ मिमी रिळावर आवाज आपल्या चित्रापासून २० फ्रेम अंतरावर असतो, आणि सेकंदाला फ्रेम २४.

१९८० च्या दशकात टिकाऊ रंगांच्या प्रिंट आल्या. पुढे पट्टीतली चांदीही गेली आणि आवाज सोपवला तो सायनवरच, वाचायला लाल एलईडी. तोवर तंबू उठत आले होते.