विद्युत वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका

विद्युत वर्ग हा भारतीय नौदलातील क्षेपणास्त्रधारी युद्धनौकांचा पहिला वर्ग. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या आठ नौका १९७१ च्या सुरुवातीला नौदलात दाखल झाल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांपैकी चार नौकांनी कराचीवर दोनदा चढाई केली. वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात ही त्यांची नावे. पहिली चढाई ४ डिसेंबरच्या रात्री झाली, म्हणून तो दिवस नौदल दिन म्हणून पाळला जातो. या नौका बांधल्या गेल्या होत्या स्वतःच्या किनाऱ्यापाशी राहून तो राखण्यासाठी. भारतीय नौदलाने त्या शत्रूच्या बंदरापर्यंत नेल्या. या वर्गाचे महत्त्व त्याच्या पोलादापेक्षाही या एका निर्णयात आहे.

मूळ आराखडा

सोव्हिएत नौदलात हा आराखडा ‘प्रकल्प २०५’ म्हणून ओळखला जाई. नाटो देशांनी त्याला ‘ओसा’ हे नाव दिले. रशियन भाषेत ओसा म्हणजे गांधीलमाशी. अमेरिकी आणि ब्रिटिश ताफ्यांतल्या मोठ्या जहाजांशी जहाजास जहाज उभे करणे सोव्हिएत संघाला परवडणारे नव्हते. त्याऐवजी किनाऱ्यालगत दबा धरून बसणाऱ्या, स्वस्त आणि वेगवान नौकांचे थवे ठेवायचे, मोठे जहाज टप्प्यात आले की क्षेपणास्त्रे सोडायची आणि वळून पळ काढायचा, असा हिशेब होता.

ओसाच्या आधी ‘कोमार’ वर्ग होता. कोमार म्हणजे डास. टॉर्पेडो नौकेच्या लाकडी सांगाड्यावर दोन क्षेपणास्त्रे बसवून तो तयार केला होता. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या कोमार नौकांनी पोर्ट सईद बंदरातूनच क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची एलात ही विनाशिका (डिस्ट्रॉयर, म्हणजे मोठी वेगवान युद्धनौका) बुडवली. ४७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर जगातल्या प्रत्येक नौदलाला आपल्या तोफांचा फेरविचार करावा लागला. भारतानेही ही घटना बारकाईने पाहिली आणि १९६९ मध्ये ओसा नौकांचा व्यवहार ठरला.

रचना आणि शस्त्रे

नौकेची लांबी ३८.६ मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे २१० टन. प्रत्येकी ४,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने तिला ३८ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे पळवत. तिच्यावर जेमतेम तीसेक जणांची सोय होती. डेकवर डाव्या-उजव्या बाजूंना दोन-दोन अशा चार मोठ्या पेट्या असत आणि प्रत्येकीत एक क्षेपणास्त्र असे. पुढच्या पेट्यांवरून मारा करता यावा म्हणून मागची जोडी थोडी उंच बसवलेली होती. नाळेवर आणि मागे ३० मिलिमीटरच्या एकेक जोडतोफा होत्या. एवढ्या लहान सांगाड्यावर चार पेट्यांचा पसारा इतका मोठा दिसतो की नौका म्हणजे क्षेपणास्त्रे वाहून नेणारा तराफाच वाटावा.

क्षेपणास्त्राचे नाव पी-१५, नाटोच्या भाषेत ‘स्टिक्स’. लांबी सुमारे ५.८ मीटर, वजन दोन टनांहून अधिक, पल्ला सुमारे ४० किलोमीटर आणि टोकाशी जवळपास ५०० किलोची स्फोटके. आखूड पंखांमुळे ते लहानशा विमानासारखे दिसे. घन इंधनाचा एक अग्निबाण त्याला पेटीतून बाहेर ढकली आणि जळून गळून पडे. पुढचा प्रवास द्रव इंधनावरच्या इंजिनाने होई. हे इंधन आणि त्याच्या जोडीचे आम्लयुक्त द्रव्य दोन्ही अत्यंत घातक असल्याने ते भरताना संरक्षक पोशाख घालावा लागे. लक्ष्य जवळ आले की क्षेपणास्त्राच्या नाकातले रडार चालू होई आणि ज्या वस्तूचा रडार-प्रतिध्वनी मोठा, तिच्याकडे ते वळे. हे कार्यतत्त्व लक्षात ठेवले तर कराचीच्या किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या जहाजांसाठी बनवलेल्या क्षेपणास्त्राच्या तावडीत कशा सापडल्या, ते समजते.

उणिवाही तितक्याच ठळक होत्या. विमानांशी झुंजण्यासाठी त्या दोन जोडतोफांखेरीज काही नव्हते. खवळलेल्या समुद्रात नौका बेजार होत आणि समुद्रात नवी क्षेपणास्त्रे भरण्याची सोय नव्हती. सर्वांत मोठी अडचण इंधनाची. ३० नॉट वेगाने या नौका सुमारे ८०० सागरी मैल जाऊ शकत. मुंबई ते कराची हे अंतरच सुमारे ५०० सागरी मैल आहे. जाऊन मारा करून परत यायचे, तर हिशेब जुळत नव्हता.

भारतात आगमन

या नौकांवर जाणारे अधिकारी आणि नौसैनिक आधी रशियन शिकले आणि मग व्लादिवोस्तोकच्या परिसरात त्यांचे प्रशिक्षण झाले. नौका भारतात आल्या त्या मालवाहू जहाजांच्या डेकवर लादून. त्यांना उचलून पाण्यात सोडू शकेल एवढी ताकदवान क्रेन मुंबई बंदरात नव्हती, कोलकात्यात होती. त्यामुळे त्या कोलकात्यात उतरवल्या गेल्या, तिथेच नौदलात दाखल झाल्या आणि मग दुसऱ्या जहाजांच्या मागे दोर लावून, भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबईत आणल्या गेल्या. हा लांबचा फेरा नाइलाजाचा होता, पण दोराने ओढल्यास या नौका दूर अंतरे पार करू शकतात हे त्यातून दिसले. मुंबईच्या समुद्रात पुढे त्याच्या चाचण्याही झाल्या आणि इंधनाच्या अडचणीवरची वाट इथे सापडली.

मुंबईत या नौकांचे २५ वे क्षेपणास्त्र नौका पथक उभे राहिले. कमांडर बब्रु भान यादव पथकाचे प्रमुख होते. ‘किलर्स’ हे पथकाचे टोपणनाव आजही चालते. नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांचे बालपण कराचीजवळच्या मनोरा इथे गेले होते आणि नौदलात येण्याआधी त्यांनी कराची बंदरात नोकरीही केली होती. बंदराचे तोंड, धक्के, तेलाचा साठा हे सगळे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. मुंबईत पश्चिम नौदल विभागाची सूत्रे व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्याकडे होती.

ऑपरेशन ट्रायडंट

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाने भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. दुसऱ्या रात्रीच्या चढाईसाठी तीन नौका निवडल्या गेल्या. लेफ्टनंट कमांडर बहादूर नरिमन कविना यांची निपात, लेफ्टनंट कमांडर इंद्रजित शर्मा यांची निर्घात आणि लेफ्टनंट कमांडर ओ. पी. मेहता यांची वीर. कमांडर यादव निपातवर होते. सोबतीला किल्तान आणि कच्छल ही पाणबुडीविरोधी जहाजे होती आणि तेल पुरवण्यासाठी पोषक हे जहाज. पाकिस्तानी विमानांकडे रात्री समुद्रावर मारा करण्याची क्षमता तोकडी होती, हे नियोजनाचे दुसरे सूत्र. दिवसभर विमानांच्या टप्प्याबाहेर राहायचे, अंधार पडला की उत्तरेकडे धाव घ्यायची आणि उजाडण्याआधी दूर निघून यायचे.

रात्री साडेदहाच्या सुमारास, कराचीच्या दक्षिणेला सुमारे ७० सागरी मैलांवर, रडारवर लक्ष्ये दिसू लागली. निर्घात वायव्येकडे वळली. तिच्यासमोर होती पाकिस्तानी नौदलाची पीएनएस खैबर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने बांधलेली, पूर्वाश्रमीची एचएमएस कॅडिझ. निर्घातच्या दहा-पंधरा पट वजनाची ही विनाशिका चार मोठ्या तोफा बाळगून होती, पण त्या तोफांचा पल्ला स्टिक्सच्या निम्माही नव्हता. खैबरवरच्या टेहळ्यांना आकाशातून एक तेजस्वी ठिपका आपल्याकडे येताना दिसला. ते विमान आहे असे समजून विमानविरोधी तोफा सुरू झाल्या. पावणेअकराच्या सुमारास क्षेपणास्त्र उजव्या कुशीत घुसले. वीज गेली, बॉयलर फुटला आणि जहाज जागीच थांबले. त्या अवस्थेत खैबरने जो संदेश पाठवला त्यात हल्ला शत्रूच्या विमानाने केल्याचे म्हटले होते आणि त्यातले ठिकाणही चुकलेले होते. काही मिनिटांत दुसरे क्षेपणास्त्र लागले आणि खैबर बुडाली. तिच्यावरचे २२२ नौसैनिक गेले. चुकीच्या ठिकाणामुळे वाचलेल्यांपर्यंत मदत पोचायला फार वेळ लागला. या चढाईबद्दल आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. त्या काळोखात पोहत राहिलेल्या माणसांचा उल्लेखही त्याच नोंदीत हवा.

वीरने पीएनएस मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडवली. लाकडी सांगाड्याची मुहाफिज इतक्या झपाट्याने फुटली की तिला मदतीचा संदेशही पाठवता आला नाही. तिच्यावरचे ३३ जण मारले गेले. निपातने व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज आणि शाहजहान ही विनाशिका टिपली, असे भारतीय नोंदी सांगतात. त्यानंतर निपात कराचीच्या आणखी जवळ गेली आणि तिने कराची बंदरातल्या केमारी इथल्या तेलसाठ्याच्या दिशेने क्षेपणास्त्र सोडले. भारताचा एकही माणूस या चढाईत गमावला गेला नाही.

केमारीच्या आगीचे श्रेय कोणाचे, यावर नौदल आणि हवाई दल यांच्यात मतभेद राहिले आहेत. हवाई दलाच्या हंटर विमानांनी ४ डिसेंबरच्या सकाळीच तिथल्या टाक्यांवर मारा केला होता. दोन्ही दलांचे हल्ले काही तासांच्या अंतराने झाले आणि आग अनेक दिवस धुमसत राहिली, एवढे मान्य करून पुढे जाणे बरे.

प्रत्युत्तर म्हणून पाकिस्तानी विमानांनी गुजरातमधल्या ओखा बंदरावर बॉम्ब टाकले. क्षेपणास्त्र नौकांसाठी तेल भरण्याची सोय तिथे होती. नौका मात्र आधीच हलवलेल्या होत्या. या नौकांची धास्ती किती बसली होती ते ६ डिसेंबरला दिसले. पाकिस्तानी विमानाने आपल्याच पीएनएस झुल्फिकार या फ्रिगेटला (विनाशिकेहून लहान युद्धनौकेला) भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर गोळ्या झाडल्या.

ऑपरेशन पायथन

दुसरी चढाई ८ डिसेंबरच्या रात्री झाली. समुद्र खवळलेला होता. या वेळी क्षेपणास्त्र नौका एकच, लेफ्टनंट कमांडर विजय जेरथ यांची विनाश. सोबत तलवार आणि त्रिशूल ही फ्रिगेट्स. विनाशने चारही क्षेपणास्त्रे सोडली. एक केमारीच्या तेलाच्या टाक्यांवर पडले. बाकीची तीन बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या जहाजांना लागली. त्यांत पाकिस्तानी नौदलाचे तेलवाहू जहाज ढाका, पनामाचे गल्फ स्टार आणि ब्रिटिश हरमॅटन होते. बंदराबाहेर थांबलेल्या परदेशी जहाजांनाही युद्धाची झळ लागू शकते हे यानंतर उघड झाले आणि कराचीकडची व्यापारी वाहतूक आटली. पाकिस्तानी युद्धनौका बंदरात मागे घेतल्या गेल्या. क्षेपणास्त्र लागलेच तर स्फोट मोठा होऊ नये म्हणून त्यांच्यावरचा दारूगोळाही कमी करण्यात आला.

यादव यांना महावीर चक्र मिळाले. कविना, शर्मा, मेहता आणि जेरथ हे चौघे वीर चक्राचे मानकरी ठरले.

इतर देशांतली कामगिरी

ओसा नौका इजिप्त, सीरिया, इराक, क्यूबा, पोलंड, पूर्व जर्मनी अशा अनेक देशांकडे होत्या. भारताइतके यश कोणाला लाभले नाही. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी सीरियाच्या लताकिया बंदराजवळ झालेल्या लढाईत सीरियाच्या कोमार आणि ओसा नौकांनी आधी क्षेपणास्त्रे सोडली. इस्रायलच्या गॅब्रिएल क्षेपणास्त्राचा पल्ला स्टिक्सच्या निम्मा होता, पण इस्रायली नौकांनी रडारला चकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या हवेत उधळून आणि रडार-लहरींत गोंधळ माजवून स्टिक्स भरकटवले, जवळ जाऊन मारा केला आणि सीरियाच्या पाच नौका बुडवल्या. मोठ्या प्रतिध्वनीकडे वळण्याचा जो गुण केमारीत उपयोगी पडला, तोच इथे नडला. चीनने या आराखड्याची स्वतःची आवृत्ती काढली आणि १९८४ मध्ये तिच्या चार नौका पाकिस्तानी नौदलाला मिळाल्या.

पुढची पिढी

१९७६-७७ मध्ये भारताने सुधारित ओसा-२ नौका घेतल्या. हा चमक वर्ग. यात पेट्यांच्या जागी दंडगोल नळकांडी आली, कारण नव्या क्षेपणास्त्रांचे पंख मिटत असत. विद्युत वर्गाच्या नौका एकेक करून निवृत्त झाल्या, पण नावे राहिली. १९८७ पासून आलेल्या वीर वर्गात वीर, निर्भीक, निपात, निर्घात, विनाश, विद्युत आणि नाशक पुन्हा अवतरले. या वर्गातल्या काही नौका भारतातच, मुंबईच्या माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. याच मालिकेतली प्रहार २००६ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या समुद्रात एका व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यावरचे सर्व नौसैनिक वाचले. पथकाचा क्रमांक आता २२ वा आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी, पायथनच्या पन्नासाव्या वर्षी, मुंबईच्या नौदल गोदीत त्याला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान झाले.

ओसा कुळातली एक नौका पाहायची असेल तर कारवारला जावे लागते. तिथल्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर चमक वर्गाची ‘चपळ’ ही नौका वाळूत कायमची उभी केली आहे. आत जाता येते. शिड्या अरुंद, दारे बुटकी आणि नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला अर्धा मिनिटही लागत नाही.