गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी : कपाशीच्या बोंडात शिरून सरकी आणि रुई दोन्ही नासवणारी, एका लहान पतंगाची अळी. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, कुल जेलेकिइडी. मराठीत तिला शेंदरी बोंडअळी असेही नाव आहे. १८४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते भारतातल्या कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही कीड भारताला नवी नाही. नवे आहे ते तिचे गेल्या दोन दशकांतले रूप. जनुकीय तंत्रज्ञानाने तिच्यावर मिळवलेला ताबा तिने हळूहळू झुगारून दिला आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या नगदी पिकाचा भरवसा उडाला. कीटकशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि शेतीचे अर्थकारण एकाच बोंडात कसे गुंतलेले असते, हे या किडीइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्या किडीने क्वचितच दाखवले असेल.

मराठवाडा आणि कपाशी : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांपैकी लातूर, धाराशिव आणि हिंगोली सोयाबीनकडे झुकले आहेत, बाकीच्या जिल्ह्यांत कपाशी अजून घराचा वर्षाचा खर्च ठरवते. निजामाच्या राजवटीत नांदेड परिसरातील गावरानी ही देशी कपाशी प्रसिद्ध होती. परभणीचे महेबूब बाग कापूस संशोधन केंद्र देशी कपाशीवर, तर नांदेडचे केंद्र अमेरिकन आणि संकरित कपाशीवर काम करत आले आहे. नांदेडहून निघालेला एनएचएच-४४ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांनी अनेक वर्षे मनापासून लावला. ही केंद्रे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आहेत. मराठवाड्याचा दुसरा धागा जालन्याचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्याच कंपनीच्या मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीबरोबरच्या भागीदारीतून भारतातील पहिले बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचे जनुक घातलेले, बियाणे बाजारात आले. म्हणून बीटी कपाशीच्या यशापयशाची गोष्ट मराठवाड्याला बाहेरची वाटत नाही.

जीवनक्रम : पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, जेमतेम ८ ते ९ मिलिमीटर लांबीचा, पंखांच्या कडांना केसांची झालर असलेला असतो. तो रात्री उडतो आणि दिवसा ढेकळांच्या फटींत किंवा पाचोळ्याखाली दडून बसतो. मादी पात्यांवर (फुलांच्या कळ्यांवर), फुलांवर आणि कोवळ्या बोंडांच्या तळाशी एकेकटी किंवा लहान पुंजक्यांत अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेली अळी पांढुरकी, गडद डोक्याची आणि सुईच्या टोकाएवढी असते. ती लगेच आत शिरते, आणि तिचे शिरण्याचे छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. फुलात शिरली तर ती पाकळ्या रेशमाच्या धाग्यांनी आतून बांधून टाकते. असे फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखे दिसते. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात, आणि शेतात अळी आल्याची सर्वांत लवकर मिळणारी खूण तीच. साधारण दोन आठवड्यांत अळी चार अवस्थांतून जाते. शेवटच्या अवस्थेतच तिच्या अंगावर गुलाबी रंग चढतो, तोवर नुकसान झालेले असते. पूर्ण वाढलेली अळी दीड-दोन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडून बोंडाबाहेर येते आणि माती किंवा पाचोळ्यात कोषात जाते. अंड्यापासून पतंगापर्यंतची फेरी महिनाभरात पुरी होते.

हिरवे, निरोगी दिसणारे बोंड नखाने चिरले, तर एरवी न दिसणारे पुष्कळ काही दिसते. बोंडाच्या आतल्या भिंतीवर बारीक फोडासारखे उंचवटे असतात, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाणारा भोक पाडलेला पडदा असतो, रुईला पिवळट-तपकिरी डाग पडलेला असतो आणि पोखरलेल्या सरकीत वळवळणारी अळी सापडते. असे बोंड नीट फुटत नाही. त्याची कवडी होते, वेचणाऱ्या बाईच्या बोटांना ती टोचते, वजनात भरत नाही आणि बाजारात तिला भाव मिळत नाही. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. त्यामुळे किडका कापूस मालकाचे उत्पन्न कमी करतो तसाच मजुराचा दिवसही कमी करतो, हे नुकसानीच्या पंचनाम्यांत क्वचितच येते.

दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की काही अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. अशी अळी दोन सरक्या धाग्याने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत पडून राहते. या जोडबियांत ती कित्येक महिने अन्नाशिवाय जगते. जिनिंगमध्ये साठवलेल्या सरकीत, बांधावर इंधनासाठी रचलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांना, चिकटलेल्या वाळक्या बोंडांत आणि जमिनीच्या भेगांत ती उन्हाळा काढते, आणि पाऊस पडला की पतंग होऊन बाहेर येते. भेंडी, अंबाडी यांसारख्या भेंडीच्या कुळातील इतर वनस्पतींवर ती क्वचित जगते, पण तिचा खरा संसार कपाशीवरच चालतो. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो काहीही चालते; गुलाबी अळीला कपाशीच लागते. तिची ताकद आणि तिचे दुबळेपण दोन्ही या एकाच गोष्टीत आहेत.

बीटी प्रथिन : बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला, तर १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीतून तो वेगळा केला आणि पुढे त्याला आजचे नाव दिले. हा जिवाणू स्फटिकरूप प्रथिने तयार करतो. अळीच्या आतड्यातील द्रव अल्कधर्मी असल्याने स्फटिक तेथे विरघळतो, पाचक विकरे त्याला तोडून क्रियाशील करतात, आणि मग ते प्रथिन आतड्याच्या पेशींवरील कॅडहेरिनसारख्या ठरावीक प्रथिनांना चिकटून पेशीला छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवते आणि मरते. माणसाच्या जठरातील द्रव आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात ती चिकटण्याची जागाच नसते, म्हणून हे प्रथिन निवडक मारा करते. त्याचे जनुक कपाशीत बसवले की झाडाचा प्रत्येक भाग ते स्वतः बनवतो, आणि फवारणी जेथे पोहोचत नाही त्या बोंडाच्या आतही ते असते. बोंडात लपणाऱ्या अळीसाठी याहून नेमके शस्त्र सुचणे कठीण होते.

भारतात या जिवाणूचे क्राय१एसी हे एक जनुक असलेल्या तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ हे बियाणे २००६ मध्ये आले. त्या वेळी मुख्य शत्रू हिरवी बोंडअळी होती, आणि पहिल्या वर्षांत तिच्यावरील फवारण्या खरोखरच घटल्या. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

प्रतिकारशक्ती : गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी एकजनुकी बीटीला दाद देत नसल्याचे मोन्सॅन्टोने मार्च २०१० मध्ये जाहीर केले. पुढील काही वर्षांत दोनजनुकी बीटीही गुजरातमध्ये निष्प्रभ ठरू लागले. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील ब्रूस टॅबाश्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी ही प्रतिकारशक्ती रेणूंच्या पातळीवर उलगडली. क्राय१एसीला न जुमानणाऱ्या अळ्यांत कॅडहेरिनचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे विषाला चिकटायला जागा उरत नाही. भारतीय शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत या जनुकाचा संदेश अनेक चुकीच्या तऱ्हांनी जोडला गेलेला आढळला. क्राय२एबीच्या बाबतीत बिघाड एबीसीए२ या वेगळ्याच जनुकात असतो. अळीने दोन कुलपांसाठी दोन निराळे उपाय शोधले, असे म्हणता येईल.

अमेरिकेतही हीच अळी आणि हेच जनुक होते, तरी तेथे असे घडले नाही. २०१८ मध्ये त्या देशाने आपल्या कपाशी-क्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. फरक समजून घेतल्याशिवाय मराठवाड्यातील शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. पहिला फरक बियाण्याचा. तेथे बीटी जनुक सरळ, म्हणजे संकर नसलेल्या, वाणांत आहे. भारतात ते संकरित वाणांत दिले गेले, आणि संकरित झाडात जनुकाची एकच प्रत असते. झाड बीटी असले तरी त्याच्या बोंडात धरणाऱ्या सरक्या मेंडेलच्या नियमाप्रमाणे विभागतात : एकजनुकी वाणात साधारण चारांपैकी एक सरकी विषाविना असते, दोनजनुकी वाणात काहींत दोन्ही, काहींत एकच, तर सोळांपैकी एखादीत एकही प्रथिन नसते. सरकी हेच अळीचे अन्न. त्यामुळे एकाच बोंडात तिला कमी-अधिक मात्रेचे घास मिळतात, अर्धवट प्रतिकारक अळ्या वाचतात आणि त्यांचीच संतती वाढते. दुसरा फरक हंगामाच्या लांबीचा. आपले संकरित वाण सहा महिने आणि त्याहून अधिक काळ शेतात उभे असतात, त्यामुळे अळीला एका वर्षात कितीतरी जास्त पिढ्या घालवता येतात. संकर निवडण्यामागे एक व्यापारी कारणही होते : शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. या निवडीची किंमत बियाणे विकणाऱ्याने नव्हे, लावणाऱ्याने मोजली.

तिसरे कारण आश्रय ओळींचे. प्रतिकारक पतंगांचे मीलन साध्या पतंगांशी होत राहावे म्हणून बीटी पिकाभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र बिगर-बीटी कपाशीचे ठेवायचे, असा नियम होता, आणि त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी दिली जाई. शास्त्र बिनचूक होते. पण ज्याच्याकडे दोन-अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने तिचा पाचवा भाग जाणूनबुजून अळीला वाढून ठेवावा ही अपेक्षा, भरपाईशिवाय, पुरी होणारी नव्हती. बहुतेक पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली, आणि कपाशीशिवाय न जगणाऱ्या अळीपुढे बीटीशी जुळवून घेणे एवढाच मार्ग उरला.

२०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात याचा स्फोट झाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास झाडे बोंडांनी लगडलेली दिसत होती आणि बोंडे आतून पोखरलेली निघत होती. जालना, बीड, परभणी पट्ट्यात शेतकऱ्यांनी महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम, २००९ खालील ‘जी’ नमुन्यात तक्रारी भरल्या, उभ्या पिकात जनावरे सोडली, काहींनी रोटाव्हेटर फिरवला. त्याच वर्षी शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके चेतासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास थांबणे, असा त्याचा क्रम असतो. बोंडात बसलेल्या अळीला हे विष शिवत नाही, फवारणाऱ्याला मात्र शिवते.

नियंत्रण : या किडीवर औषधापेक्षा वेळापत्रक अधिक चालते. पावसानंतर बाहेर आलेल्या पतंगांना पाते-फुले मिळाली नाहीत तर त्यांची संतती जगत नाही. म्हणून मे महिन्यातली ओलिताची पूर्वहंगामी लागवड टाळावी असे सांगितले जाते, आणि अलीकडच्या वर्षांत राज्य शासनाने १ जूनपूर्वी बियाणे विक्रीवर बंधने घातली. दुसरे टोक फरदडीचे. डिसेंबरनंतर एखादे पाणी देऊन पीक लांबवले तर हाती दोन-चार क्विंटल कापूस येतो, आणि त्याच्याबरोबर पुढच्या वर्षाची अळीही पोसली जाते. हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून तिचे बारीक तुकडे करणे, सरकी लवकर गाळणे, जिनिंगच्या आवारात सापळे लावणे ही कामे त्याच साखळीतील आहेत.

कामगंध सापळ्यांत मादीच्या गंधाची नक्कल असते. गॉसिप्लूर या नावाने ओळखला जाणारा हा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला. तो एकाच संयुगाच्या दोन रूपांचे जवळपास समप्रमाणातील मिश्रण आहे. हेक्टरी पाच सापळे लावून, सलग तीन रात्री प्रत्येकात आठ किंवा अधिक नर सापडले, अथवा फुला-बोंडांपैकी १० टक्के किडकी निघाली, तरच फवारणी करावी, असा संकेत आहे. त्याआधी डोमकळ्या तोडून नष्ट करणे आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारणे पुरते. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा गटातील गांधीलमाश्यांची कार्डेही वापरतात. पायरेथ्रॉइड गटातील औषधे लवकर मारल्यास पांढरी माशी उसळते, म्हणून ती हंगामाच्या उत्तरार्धापुरती ठेवावी लागतात.

अलीकडे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसह अनेक ठिकाणी मीलनात व्यत्यय आणण्याच्या पद्धतीवर काम झाले आहे. हाच गंध दोरीसारख्या नळ्यांतून किंवा झाडाला लावलेल्या लेपातून शेतभर सतत दरवळत ठेवला की नराला खरी मादी सापडत नाही आणि अंडी वांझ राहतात. एकट्याच्या दोन एकरांत या पद्धतीचा उपयोग थोडाच, कारण शेजारच्या शेतात फळलेली मादी उडत येऊन अंडी घालते. सलग शिवारातल्या सगळ्या शेतांनी ती एकाच आठवड्यात, पाते धरण्याच्या सुमारास सुरू करावी लागते.